उजवीकडचा, खालून तिसरा

जुन्या विंडोत चौऱ्याण्णव चौकटी होत्या. दिव्यानीने त्या दोनदा मोजल्या. पहिल्यांदा त्र्याण्णव भरल्या, कारण एक चौकट दुसरीच्या मागे अर्धी दडली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी काळी-पिवळी जीपमध्ये माणसं कोंबतात, तशी सेटिंगची ती विंडो भरली होती. कागदाचा आकार, प्रयोगशाळेचं नाव, यंत्राचा नंबर, सही कुठे छापायची, आवाज हवा की नको, सगळं एकाच पाटीवर, बारीक इंग्रजी अक्षरात, दोन रांगांत.

सॉफ्टवेअर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी होतं. यंत्राने दिलेला आकडा उचलायचा, गणित करायचं आणि अहवाल छापायचा, एवढंच त्याचं काम. चंद्रपुरात कुलदीपची चार माणसांची कंपनी होती. तिने ते आठ वर्षांपूर्वी बनवलं, आणि दोन जिल्ह्यांतल्या नऊ खाजगी प्रयोगशाळा ते वापरत. ज्या गिऱ्हाइकाने जे मागितलं, ती एक चौकट कुलदीप जागा दिसेल तिथे लावत गेला. दिव्यानी कंपनीत आली तेव्हा त्याने विंडो उघडून दाखवली आणि म्हणाला, "हे पाह्य. माझं पाप. हे तू नीट लावून दे."

तिला काम मनापासून आवडलं. ती ऊर्जानगर या वीजकेंद्राच्या वसाहतीत, क्वार्टरमध्ये वाढलेली. तिथे घरं रांगेत, प्रत्येकाला टाइप आणि नंबर, आणि कोणाकडे जायचं तर नंबर वाचला की झालं. पुढे तिने रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं, तेही बहुधा त्याच ओढीने. पसरलेल्या गोष्टीला घर मिळालं की तिला बरं वाटे.

तिने चौऱ्याण्णव चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर एका चौकटीचं नाव शाईने लिहिलं आणि त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. तीन दिवस आई खाली बसून जेवली. प्रत्येक चिठ्ठीवर दिव्यानीने पेन्सिलीने एक शब्द लिहिला, 'रोज', 'अधूनमधून' किंवा 'क्वचित', आणि तसे ढीग लावले. पुढे त्या ढिगांचे चार टॅब झाले. रोजचं पहिल्या टॅबवर, क्वचितचं शेवटच्या.

'डी. एफ. दोन' नावाची एक चिठ्ठी होती. ती कशासाठी हे तिला सांगावं लागलं नाही. पाण्याचा नमुना अर्धा आणि शुद्ध पाणी अर्धं असं मिसळून यंत्रात घातलं, तर यंत्र निम्मा आकडा दाखवतं. ही चौकट टिक केली की सॉफ्टवेअर तो दुप्पट करून मूळ आकडा देतं. पुस्तक सांगतं, आकडा यंत्राच्या मापाबाहेर जाईल तेव्हाच नमुना असा पातळ करावा. तिने चिठ्ठीवर 'क्वचित' लिहिलं आणि ती चौथ्या ढिगात ठेवली.

"एकदा नागभीडले जाऊन ये ना," कुलदीप म्हणाला होता. "आपले अर्धे नमुने तिथचेच राह्यते. गाडीनं दोन-अडीच तास लागते."

"गरज नाही," ती म्हणाली होती. "केमिस्ट्री सगळीकडे सारखीच असते."

डिसेंबरात चंद्रपुरात एक छोटा हॉल घेऊन त्यांनी नऊही प्रयोगशाळांच्या माणसांना नवी विंडो दाखवली. भिंतीवर ती मोठी, मोकळी, देखणी दिसत होती. जुनीत दिवसभरच टिकणाऱ्या टिकांची जी कटकट होती तीही दिव्यानीने काढून टाकली होती. पूर्वी कॉम्प्युटर बंद केला की काही टिका पुसल्या जात आणि रोज सकाळी पुन्हा कराव्या लागत. आता एकदा केलेली टिक कायम राहणार होती. लोकांनी माना डोलावल्या.

तेव्हा मागच्या रांगेतून एक माणूस उठला. पन्नाशीचा, अंगाने वाळका, हातात पिशवी. नागभीडचा तंत्रज्ञ इस्तारी. मूळचा सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा. त्याने भिंतीकडे बोट केलं.

"मॅडम, तो उजवीकडचा, खालून तिसरा, तो आता कुठी गेला?"

दिव्यानीला प्रश्न गमतीचा वाटला. इतक्या मेहनतीने प्रत्येक गोष्टीला नाव आणि घर दिलं, आणि हा माणूस खालून मोजतो.

"इस्तारीभाऊ, आता मोजायचं नाही, वाचायचं," ती म्हणाली. "सगळं नीट लावलंय. जे आहे ते समोर लिहिलेलं आहे."

हॉल हसला. कोणी तरी म्हणालं, "भाऊ, चष्मा आणला नाई वाटते." इस्तारीही हसला, मान हलवली आणि खाली बसला. दिव्यानी त्या दिवशी घरी गेली तेव्हा तिला स्वतःचं ते उत्तर आवडलं होतं. आईला तिने ते सांगितलंही होतं.

*

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कुलदीप तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नागभीडच्या प्रयोगशाळेचे मालक गुणवंतराव यांचा फोन येऊन गेला होता.

"कोसमबोडी म्हणून गाव आहे," तो म्हणाला. "तिथच्या हातपंपाचं फ्लोराइड यायच्या लॅबनं डिसेंबरात एक पॉइंट तीन दिलं. तिथच्या मास्तरानं तेच पाणी नागपूरले पाठवलं, तर दोन पॉइंट सहा निघालं."

लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की ते पाणी पिण्याचं राहत नाही. दातांवर तपकिरी डाग येतात, पुढे वर्षानुवर्षं प्यायलं तर गुडघे आणि कंबर आखडते. आणि दोन पॉइंट सहा म्हणजे एक पॉइंट तीनची बरोबर दुप्पट. दिव्यानीला हा भागाकार करावा लागला नाही, तो आपोआप झाला.

"गुणवंतराव म्हणते, इस्तारीनं घोळ केला. उद्यापासून येऊ नको म्हणलं त्याले. पण पक्कं कराच्या आधी आपला लॉग पाह्यचा आहे त्यायले. सॉफ्टवेअर चुकलं का माणूस चुकला, एवढंच. तू काढ आणि घेऊन जा."

लॉग तिनेच नव्याने घातला होता. कोणी काय कधी उघडलं, काय बदललं, त्याची नोंद. तिने नागभीडचा लॉग काढला. डी. एफ. ची टिक बारा डिसेंबरपासून एकदाही झालेली नव्हती. मग तिने आकडे काढले. बारा डिसेंबरच्या आधीचे आणि नंतरचे शेजारी ठेवले. नंतरचे सगळे निम्मे होते. जणू त्या दिवशी अख्ख्या तालुक्याच्या जमिनीतलं पाणी अर्धं गोड झालं होतं. दोनशे बारा नमुने, आणि दुप्पट केल्यावर त्यातले सदतीस दीडच्या वर जात होते.

बारा डिसेंबरला नवी विंडो नागभीडला गेली होती.

लॉगमध्ये आणखी एक गोष्ट होती, तिच्यापाशी दिव्यानी थांबली. रोज सकाळी नऊ चाळीसच्या आसपास एक ओळ होती, 'सेटिंग उघडले', आणि त्याच मिनिटात दुसरी, 'सेटिंग बंद केले, बदल नाही'. चोपन्न कामाचे दिवस, चोपन्न वेळा. एकही दिवस चुकलेला नव्हता.

कुलदीपने वाकून पाहिलं आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "झालं ना मंग. रोज उघडलं, रोज पाह्यलं, तरी टिक केली नाई. आपण सुटलो. टेन्शन नको घेऊ."

"पण मग उघडत कशाला होता?"

"सवय राह्यते यार माणसाले."

तो गेल्यावर तिने खालचा ड्रॉवर उघडला. चिठ्ठ्या तिने एका लिफाफ्यात जपून ठेवल्या होत्या. पुढे कोणाला शिकवताना दाखवता येतील, असा विचार होता. तिने हवी ती शोधली. शाईने 'डी. एफ. दोन', खाली पेन्सिलीने 'क्वचित'. अक्षर सुबक होतं. 'क्व' जरा दाबून लिहिला होता, खात्री असली की ती दाबून लिहिते तसा. लॉगची प्रत तिने फाइलमध्ये ठेवली आणि चिठ्ठी पुन्हा लिफाफ्यात. लिफाफा का बरोबर घेतला, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

*

सकाळच्या पॅसेंजरने ती निघाली. मूल गेलं, सिंदेवाही गेलं. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळी पिकत आली होती. नागभीडला उतरून ती विचारत विचारत गेली. खताच्या दुकानामागच्या दोन खोल्या म्हणजे प्रयोगशाळा. दाराबाहेरच्या बाकावर इस्तारी बसला होता. आत जायची त्याला मनाई असावी. तिला पाहून तो उठला.

"या मॅडम. गाडी टायमावर होती ना?"

गुणवंतराव पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत.

"मॅडम, मी तीस वर्षं लोकायले पाण्याचं सांगत आलो. माझ्या नावाचा कागद पाहून पंचायतीनं त्या पंपाचा लाल रंग काढून हिरवा मारला. तो पंप वर्षभर लाल होता, पिण्याले बंद. लोकं दोन महिने पिऊन राह्यले ते पाणी. आता तुमचा कागद काय म्हणते, ते सांगा."

फाइल तिच्या मांडीवर होती. ती उघडून पहिलं पान पुढे केलं असतं, तर पाच मिनिटांत काम संपलं असतं. साडेबाराची परतीची गाडीही मिळाली असती.

"आधी यांचं काम बघते," ती म्हणाली. "रोज करतात तसं."

इस्तारी आत आला. चप्पल बाहेर काढून, हात धुऊन. त्याने एक बाटली घेतली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली, पिपेटने पाणी मोजून चंचुपात्रात सोडलं आणि मग तितकंच शुद्ध पाणी. पाण्याची पातळी रेषेला टेकली तेव्हा तो डोळा रेषेच्या उंचीवर आणायला गुडघ्यात वाकला. कॉलेजात दिव्यानीच्या वर्गात हे करणारे दोघे-तिघेच असत.

"अर्धं-अर्धं," ती म्हणाली. "हे कधी करता?"

"नेहमीच मॅडम."

"प्रत्येक नमुन्याला?"

"इथचं पाणी सरळ टाकलं का यंत्र मापाबाहेर जाते. मंग पुन्हा करा, पुन्हा औषध घाला. औषध महाग आहे. म्हणून साहेबायनंच सांगतलं होतं पहिल्या वर्षी, सगळ्याचंच अर्धं कर. आठ वर्षं झाली."

गुणवंतरावांनी मान हलवली. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. तिथे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती ती. चंद्रपुरात बसून एकीला तेवढी माहीत नव्हती, आणि तिने विचारलंही नव्हतं.

"आणि कॉम्प्युटरवर सकाळी काय करता, ते दाखवा."

त्याने सेटिंगची विंडो उघडली. तिचे चार टॅब, मोकळ्या जागा, सरळ रांगा. इस्तारीने त्या पाहिल्या नाहीत. त्याने बोट उजव्या रांगेच्या तळाशी टेकवलं आणि वर सरकवत मोजलं, "ओकटी, रेंडू, मूडू." तिसऱ्या चौकटीत टिक होती. "हे आहे," तो म्हणाला आणि विंडो बंद केली. चार सेकंद लागले असतील.

"पह्यले रोज करा लागे," तो म्हणाला. "आता तुमच्यामुळं राहूनच राह्यते. तरी मी पाहून घेतो. आपलं काम आहे."

दिव्यानीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चोपन्न सकाळी या माणसाने तिची टिक तपासली होती. जिथे ती आठ वर्षं होती, नेमक्या त्याच जागी.

"भाऊ," ती म्हणाली, आणि तिला आपला आवाज फार हळू वाटला. "पुन्हा उघडा. त्या टिकेसमोर काय लिहिलंय?"

तो स्क्रीनजवळ वाकला. इंग्रजी अक्षरं एकेक करून जुळवायला त्याला वेळ लागला. "प्रिंट," तो म्हणाला. मग, "डेट."

अहवालावर तारीख छापा. रोजची गोष्ट. म्हणून पहिल्या टॅबवर. टिक आधीपासूनच केलेली.

इस्तारीने काचेवरून बोट काढलं आणि ते शर्टाला पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"तारीख," तो म्हणाला.

गुणवंतराव उठून मागे येऊन उभे राहिले होते. "म्हंजे तू दोन महिने तारीख पाहून राह्यला?"

इस्तारीने विंडो बंद केली.

"नवं आलं तर विचारता नाई येत काय? तोंड नाई देवानं?"

"विचारलं होतं साहेब."

"कोणाले?"

इस्तारीने दिव्यानीकडे पाहिलं नाही. त्याने चंचुपात्र उचललं, सिंककडे नेलं, पाणी ओतून दिलं.

"जाऊ द्या ना," तो पाठमोराच म्हणाला. "वाचाले पायजे होतं. मीच नाई वाचलं."

तिला वाटलं होतं, तो तिचं नाव घेईल आणि मग तिला फक्त हो म्हणायचं राहील. ती सोय त्याने तिला दिली नाही. उलट दारच उघडून ठेवलं होतं. फाइल पुढे करायची, मान हलवायची, गाडी पकडायची. तिला त्या दाराचा मोह झाला. तो किती वेळ टिकला, हे ती पुढे कधी प्रामाणिकपणे सांगू शकली नाही.

तिने लिफाफा काढला आणि चिठ्ठी टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"हे काय?" गुणवंतरावांनी चष्मा वर केला. "डी. एफ. दोन. क्वचित. हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मंग?"

"दुपटीची टिक मी शेवटच्या टॅबवर टाकली आणि बंद ठेवली. इथे ती रोज लागते, हे मी कोणाला विचारलं नाही. मला इथे येऊन बघायला सांगितलं होतं, मी आले नाही." तिने श्वास घेतला. "इस्तारीभाऊंनी मलाच विचारलं होतं. डिसेंबरात, सगळ्यांसमोर. नेमकी हीच टिक कुठे गेली म्हणून. मी सांगितलं नाही. मी त्यांची थट्टा केली. लोक हसले."

गुणवंतरावांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं. "पण तुमच्या कागदात तर हेच निघन का यानं टिक नाई केली."

"ते खरं आहे. आणि रोज सकाळी ती तपासली, हेही कागदात आहे. ती हलवली मी. तेव्हापासूनचे दोनशे बारा आकडे निम्मे गेले, आणि त्यातले सदतीस खरे दीडच्या वर आहेत."

त्यांनी मिशी चोळली आणि चिठ्ठी परत कपाशेजारी ठेवली. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. "तुमी एम. एस्सी. ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो."

"हं," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "सदतीस कागद नव्यानं काढा. मी एकेका पंचायतीले फोन लावतो. इस्तारी, तू दुकानातून लाल रंगाचा डबा घे आणि कोसमबोडीले निघ. आजच. उद्याचा तुह्या येण्या-न-येण्याचा विषय संपला."

तिने बाहेर जाऊन कुलदीपला फोन केला. झालेलं सगळं, चिठ्ठीसकट, सांगितलं.

"तुले कोणी विचारलं होतं काय त्या चिठ्ठीचं?" तो म्हणाला.

"नाही."

"मंग?" त्याने उसासा टाकला. "बाकीच्या आठ लॅबले मी काय सांगू आता? सांग."

"जे झालं ते. मी प्रत्येकाला फोन करते."

"कर मंग," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

*

इस्तारीच्या गाडीवर ती मागे बसली. मांडीवर रंगाचा डबा, हातात ब्रश. ती येते म्हणाली तेव्हा त्याने "कायले मॅडम" एवढंच म्हणून पाहिलं होतं. रस्ता सागाच्या पट्ट्यातून होता.

"आमचे बाबा गोदावरीत जाळं टाकत," तो एका वळणावर म्हणाला. वाऱ्यामुळे त्याला जोरात बोलावं लागत होतं. "जागा कधी लिहून नाई ठेवली. मोठ्या दगडापासून सात वल्ही, मंग डावीकडं. मलेही तसंच राह्यते ध्यानात. अक्षर नाई राह्यत, जागा राह्यते."

"तुम्ही रागावला होता माझ्यावर? त्या दिवशी?"

त्याने एक खड्डा चुकवला. "राग नाई मॅडम. शरम वाटली. गाडीत परत येतानी वाटलं, पुन्हा फोन करून विचारावं. नंबर होता तुमचा. मंग वाटलं, पुन्हा हासतीन." थोड्या वेळाने तो म्हणाला, "करून टाकला असता तर बरं झालं असतं."

तिला वाटलं होतं, आज जी काय लाज आहे ती आपली एकटीची आहे. त्याने दोन महिने तीच सांभाळली होती, आणि त्या लाजेपोटीच फोन केला नव्हता.

कोसमबोडीचा पंप गावाच्या मधोमध, एका कडुलिंबाखाली होता. हिरवा रंग चमकत होता. दांड्याच्या सांध्यात जुना लाल अजून दिसत होता. एक म्हातारी कळशीएवढ्या गुंडात पाणी भरत होती. समोरचं घर तिचंच. इस्तारी तिला ओळखत होता.

"बायनाबाई, थांबा. पाणी नका भरू."

"काऊन रे बाबा?" तिने डब्याकडे पाहिलं. "हे काय आणलं? लाल?"

इस्तारीने तोंड उघडलं, पण दिव्यानी पुढे झाली. रस्त्यात तिने वाक्यं तयार केली होती. आता त्यातलं एकही पूर्ण आठवेना.

"आजी, या पाण्याचा डिसेंबरातला अहवाल चुकीचा होता. हे पाणी पिण्याजोगं नाही. आधी लाल होता तेच बरोबर होतं."

बायनाबाईने दांडा सोडला. "हिरवा मारला तवा आमी नारळ फोडला इथी," ती म्हणाली. "साऱ्या बायायनं. त्या तिकडल्या विहिरीची खेप सुटली म्हणून. माह्ये गुडघे तर पाहा." तिने पातळ जरा उचलून घोट्यापर्यंत दाखवलं, गुडघा काही दाखवला नाही. "लेकरं पेली ना दोन महिने. दात जातीन काय त्यायचे?"

"दोन महिन्यांनी फारसं..." दिव्यानीने सुरुवात केली. दातांवरचा परिणाम, वय, प्रमाण, कालावधी, तिच्याकडे सगळं होतं, आणि ते बहुतेक दिलासा देणारंही होतं. पण ती पुन्हा खात्रीने बोलत होती. ती थांबली. "मला वाटतं नाही जाणार. पण दवाखान्यात दाखवू. मी विचारून नक्की सांगते."

"चुकी कोणाची झाली?"

"माझी."

बायनाबाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चप्पल, सलवार, घड्याळ, चष्मा.

"शिकलेली दिसतेस," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती नुसतं पाहून सांगत होती. मग तिने अर्धा भरलेला गुंड उचलला. "भांडे घासाले चालते ना हे?"

"चालतं."

तो तिने ओट्यावर नेऊन ठेवला. आतून दुसरा रिकामा गुंड आणला, चुंबळ डोक्यावर बसवली आणि गावाबाहेरच्या विहिरीच्या वाटेने निघाली. दिव्यानीची नजर घड्याळावर गेली. तिच्या मागून आणखी दोघी निघाल्या. बातमी पंपापासून घराघरात जायला वेळ लागत नाही.

इस्तारीने डब्याचं झाकण खिळ्याने उचकटलं. "द्या, मी मारते," दिव्यानी म्हणाली. त्याने ब्रश दिला. तिने तो रंगात बुडवला आणि पंपासमोर उभी राहिली. आयुष्यात तिने कशालाच रंग दिला नव्हता.

"इस्तारीभाऊ, कुठून सुरू करू?"

"वरून. ब्रश निथळून घ्या आधी. नाई तर ओघळ येते."

तो हसला नाही. तिने निथळून घेतला, तरी ओघळ आलेच. तिच्या मनगटावरून रंग कोपरापर्यंत गेला. कडुलिंबाखाली बाया जमल्या होत्या. त्यातली एक काही तरी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. कशाला हसल्या, हे दिव्यानीने वळून पाहिलं नाही.

हिरव्यावर एका हातात लाल बसत नव्हता. दुसरा हात मारून दांड्यापर्यंत आली तेव्हा वाटेवर बायनाबाई दिसली. डोक्यावर भरलेला गुंड, एक हात वर धरलेला, पाऊल जपून टाकत. दिव्यानीने न ठरवता घड्याळ पाहिलं. काचेवर लाल बोट उमटलं होतं, ते पुसून पुन्हा पाहावं लागलं.

एक खेप. अठ्ठेचाळीस मिनिटं.

ती दांडा रंगवायला वाकली.